केबल बंद करण्याआधी: कमी खर्चात घरचा टीव्ही कसा चालू ठेवावा

आम्ही केबल बंद केली त्या आठवड्यात घरात प्रत्येकाला हवं ते पाहायला मिळत होतं. फक्त आईला तिची संध्याकाळची मालिका मिळेना. मालिका एका अ‍ॅपवर होती. त्या अ‍ॅपसाठी आधी टीव्हीचा रिमोट, मग स्टिकचा (टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाचा) रिमोट, मग कोणाचं प्रोफाइल निवडायचं, मग शोधायचं. आईने तक्रार केली नाही. तिने टीव्ही लावणंच सोडून दिलं, आणि आमच्या ते दहा-बारा दिवसांनी लक्षात आलं.

केबलला स्वस्त पर्याय अनेक आहेत आणि ते चांगले आहेत. पण निवड 'सगळ्यात स्वस्त काय' इथून सुरू केली, तर घरातलं कोणीतरी असं मागे राहतं. म्हणून या लेखात क्रम वेगळा ठेवला आहे: आधी घर काय पाहतं ते समजून घ्यायचं, मग त्यातली एकेक गोष्ट सर्वांत कमी खर्चात कुठून मिळेल ते शोधायचं, आणि केबल सगळ्यात शेवटी बंद करायची.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची वही

टीव्हीजवळ एक वही आणि पेन ठेवा. दोन आठवडे जो कोणी टीव्ही लावेल त्याने तीन गोष्टी लिहायच्या: काय पाहिलं, ते त्याच वेळी पाहणं गरजेचं होतं का, आणि नुसतं मागे आवाज हवा म्हणून लावलं होतं का. दोनच आठवडे का? एका आठवड्यात एखादा सामना किंवा पाहुणे सगळं चित्र बिघडवतात, आणि महिनाभर कोणी लिहीत नाही.

वही भरली की बहुतेक घरांत एकच गोष्ट दिसते. पॅकमध्ये शेकडो चॅनेल असतात, पाहिले जातात सहा-सात. म्हणजे तुम्हाला अख्ख्या केबलला पर्याय शोधायचा नाही, त्या सहा-सात गोष्टींना शोधायचा आहे. हे काम खूपच सोपं आहे.

आता प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा. बातम्या आणि सामने 'ताबडतोब' या गटात जातात. मालिका, चित्रपट, मुलांचे कार्यक्रम 'कधीही' या गटात. गाणी, स्वयंपाक करताना लावलेलं काहीतरी, दुपारची सोबत हे 'मागे चालू' या गटात. 'कधीही' गट इंटरनेटवर स्वस्तात मिळतो. 'मागे चालू' गट जवळजवळ फुकट मिळतो. खरा खर्च 'ताबडतोब' गटाचा असतो, आणि तो गट सहसा वाटतो त्यापेक्षा लहान निघतो.

मागे चालू असणाऱ्या टीव्हीला कमी लेखू नका. एकट्या माणसाला घरात माणसांचा आवाज हवा असतो. तिथे दर वेळी काय पाहायचं ते निवडायला लावणारं अ‍ॅप चालत नाही, आपोआप चालत राहणारं चॅनेलच लागतं.

दुसरी पायरी: बिल उलगडा

केबलचं बिल एकाच आकड्यात पाहू नका. त्यात चॅनेलचे पैसे, बॉक्सचं भाडं, दुसऱ्या टीव्हीच्या जोडणीचं शुल्क आणि कर असे तुकडे असतात. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा: इंटरनेट आणि टीव्ही एकाच कंपनीकडून एकत्र घेतलं आहे का? तसं असेल तर फक्त टीव्ही काढल्यावर इंटरनेटचा दर वाढू शकतो. नुसत्या इंटरनेटचा दर आधी लेखी मागवा. कराराची मुदत किती उरली आहे आणि मुदतीआधी सोडल्यास दंड आहे का, हेही त्याच वेळी विचारा.

तुलना करताना मी चलन बाजूला ठेवतो आणि केबलच्या एका महिन्याच्या बिलाला १०० मानतो. उदाहरणापुरते आकडे घ्या: अँटेना आणि वायर १५०, स्टिक २००, म्हणजे एकदाचा खर्च ३५०. तो चोवीस महिन्यांवर पसरला तर महिन्याला साधारण १५. एका वेळी एकच सशुल्क सेवा ठेवली तर तिचे ३०. इंटरनेटचा वेग वाढवावा लागला तर त्याचे २०. एकूण ६५. या हिशेबात दोन सेवा आणखी घेतल्या की बेरीज १२५ होते आणि केबल परवडली असं म्हणायची वेळ येते. बचत संपते ती अशी, हळूहळू साचत जाणाऱ्या वर्गण्यांनी. म्हणून ही बेरीज वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा करा.

तिसरी पायरी: आधी अँटेना तपासा

बहुतेक लोक ही पायरी वगळून थेट अ‍ॅपकडे जातात, आणि त्यात त्यांचं नुकसान होतं. केबलचा जन्मच अँटेनातून झाला. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया आणि ओरेगन राज्यांतल्या डोंगराळ गावांत घरच्या अँटेनाला चित्र पकडता येत नव्हतं, म्हणून उंचावर एक मोठा अँटेना लावून तिथून वायरीने घरोघर चित्र पोचवलं गेलं. म्हणजे तुमच्या घरी सिग्नल नीट येत असेल, तर केबलचं मूळ कारणच तुम्हाला लागू होत नाही.

अनेक देशांत हवेतून येणारं टीव्ही प्रक्षेपण आता डिजिटल आहे आणि त्याला मासिक वर्गणी नसते. अमेरिकेने जून २००९ मध्ये मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबवलं, ब्रिटनने २०१२ मध्ये. ब्रिटनमध्ये २००२ पासून फ्रीव्ह्यू ही मोफत सेवा याच मार्गाने चालते, तिथला टीव्ही परवाना मात्र वेगळा घ्यावा लागतो. काही देशांत हवेतून फार थोडी चॅनेल मिळतात. तुमच्या देशाच्या प्रसारण खात्याच्या किंवा सार्वजनिक प्रसारकाच्या संकेतस्थळावर मनोऱ्यांचा नकाशा आहे का, ते आधी बघा. मनोरा किती किलोमीटरवर, कोणत्या दिशेला आणि कोणत्या पट्ट्यात प्रक्षेपण करतो, एवढं कळलं की अर्धं काम झालं.

मग टीव्हीचा ट्यूनर, म्हणजे हवेतला सिग्नल ओळखून चॅनेल दाखवणारा आतला भाग, तपासा. जगभर एकच पद्धत नाही. उत्तर अमेरिका आणि दक्षिण कोरियात एटीएससी, युरोप आणि आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत डीव्हीबी-टी आणि टी२, जपान आणि दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या भागात आयएसडीबी-टी, चीनमध्ये डीटीएमबी. परदेशातून आणलेला टीव्ही अँटेना लावूनही चॅनेल दाखवत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. टीव्हीत योग्य ट्यूनर नसेल तर बाहेरून जोडायचा छोटा बॉक्स मिळतो.

अँटेना निवडताना पातळ, चौकोनी, काचेला चिकटवायच्या पट्टीवर लगेच भाळू नका. यूएचएफ या लहान लहरींच्या पट्ट्यात, समजा ५०० मेगाहर्ट्झला, लहरीची लांबी ६० सेंटीमीटर असते आणि अँटेनाची दांडी तिच्या निम्मी म्हणजे ३० सेंटीमीटर लागते. व्हीएचएफ या मोठ्या लहरींच्या पट्ट्याच्या वरच्या भागात, २०० मेगाहर्ट्झच्या आसपास, तीच दांडी ७५ सेंटीमीटरची होते. म्हणून तुमच्या मनोऱ्यावरून व्हीएचएफमध्येही चॅनेल येत असतील तर लहान पट्टी तिथे कमी पडते. मनोरा लांब असेल तर छपरावरचा, अनेक दांड्यांचा, एका दिशेला तोंड असलेला अँटेना घ्या. १९२६ मध्ये जपानमध्ये शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी मांडलेली ही रचना आजही घराघरांवर दिसते, कारण पैशांच्या मानाने तिच्याइतकं काम क्वचितच दुसरं काही करतं.

बसवताना हा क्रम ठेवा. आधी घरातच, मनोऱ्याच्या बाजूच्या खिडकीत ठेवून टीव्हीवर चॅनेल शोधाची आज्ञा द्या आणि किती सापडली ते लिहा. मग जागा बदला, पुन्हा शोध. दोन फुटांनीही फरक पडतो. पत्रा, काँक्रीट आणि धातूचा थर असलेली काच सिग्नल अडवतात. घरात जमत नसेल तर गच्ची किंवा छप्पर. उंची वाढवणं हा सिग्नल सुधारण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, अ‍ॅम्प्लिफायरचा नंबर त्यानंतर. अ‍ॅम्प्लिफायर जो सिग्नल आला आहे तोच मोठा करतो, आणि त्यातला खरखराटही त्याच्यासोबत वाढवतो. लांब वायरीत किंवा दोन-तीन टीव्हींत वाटताना होणारी घट भरून काढायला त्याचा उपयोग आहे. एक वायर दोन टीव्हींत वाटणारा स्प्लिटर लावला की प्रत्येक बाजूला सिग्नलची निम्म्याहून थोडी कमी ताकद उरते, हे लक्षात असू द्या.

डिजिटल चित्र हळूहळू खराब होत नाही. ते एक तर स्वच्छ असतं, नाही तर चौकोन पडून थिजतं. त्यामुळे 'थोडं अडकतं, चालेल' असा सिग्नल पावसाळी दिवशी पूर्ण जातो. सेटिंगमध्ये सिग्नलची पट्टी दिसते, तिथे ताकदीपेक्षा गुणवत्तेचा आकडा पाहा. आणि छपरावर चढायचं काम वादळी हवेत किंवा विजेच्या तारांजवळ कधीही करू नका. छपरावरच्या खांबाला जमिनीशी जोडणारी अर्थिंगची तार माहीतगाराकडूनच लावून घ्या.

मोफत छत्री (डिश अँटेना)

हवेतला सिग्नल पोचत नाही अशा ठिकाणी उपग्रहावरून येणारी मोफत चॅनेल हा पुढचा पर्याय. भारतात डीडी फ्री डिश २००४ पासून आहे, ब्रिटनमध्ये फ्रीसॅट २००८ पासून. दोन्हींत एकदा उपकरण घेतलं की महिन्याची वर्गणी नाही. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतात, त्यामुळे उत्तर गोलार्धात छत्रीला दक्षिणेकडचं मोकळं आकाश लागतं, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडचं. झाड किंवा इमारत आडवी आली की संपलं. शेजारच्या छत्र्या कुठे तोंड करून आहेत ते पाहिलं की बराच अंदाज येतो.

छत्री बसवणं हे अँटेनापेक्षा नाजूक काम आहे, अंशभर चूक झाली तरी चित्र जातं. एकदा माणूस बोलावून नीट बसवून घ्या. मुसळधार पावसात चित्र थोडा वेळ जाणं स्वाभाविक आहे. वर्षातून दोनदा, विषुवदिनांच्या आसपास काही दिवस, सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो तेव्हाही काही मिनिटं चित्र जातं. त्या वेळी छत्री हलवायला जाऊ नका.

चौथी पायरी: इंटरनेट पुरेल का, याचा हिशेब

इथे लोक वेगाच्या जाहिराती बघतात आणि डेटाची मर्यादा विसरतात. नेटफ्लिक्सची स्वतःची शिफारस साध्या एचडीसाठी ३ एमबीपीएस, पूर्ण एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस आहे. म्हणजे एका टीव्हीला फार मोठा वेग लागत नाही. घरात एकाच वेळी दोन टीव्ही आणि दोन फोन चालत असतील तर प्रत्येकाची बेरीज करा आणि वर थोडी मोकळीक ठेवा.

डेटासाठी सोपं सूत्र लक्षात ठेवा: एमबीपीएसला ०.४५ ने गुणलं की तासाला लागणारे जीबी मिळतात. ५ एमबीपीएस म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. रोज चार तास म्हणजे नऊ जीबी, महिन्याला २७०. हाच टीव्ही फोर-केवर चालला तर महिन्याला आठशेच्या पुढे. तुमच्या जोडणीला मासिक मर्यादा असेल तर ती संपल्यावर वेग किती उरतो ते विचारा. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये चित्राची प्रत कमी करता येते. लहान पडद्यावर किंवा दुपारी मागे चालू असलेल्या टीव्हीसाठी पूर्ण एचडी लागत नाही. मोबाइल डेटावर सगळं घर चालवायचा विचार असेल तर हा गुणाकार आधी कराच.

चित्र अडकतं तेव्हा दोष बहुतेक वेळा जोडणीचा नसून घरातल्या वाय-फायचा असतो. राउटर कपाटात, टीव्ही दोन भिंतींपलीकडे, आणि मग कंपनीला फोन. वेग टीव्हीजवळ उभं राहून मोजा, राउटरजवळ नाही. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो पण भिंतींत लवकर कमी होतो, २.४ लांब पोचतो पण शेजाऱ्यांच्या वाय-फायने गजबजलेला असतो. शक्य असेल तर टीव्हीपर्यंत इंटरनेटची वायर ओढा. बराच त्रास या एका वायरीने थांबतो, आणि तिला दरमहा काही द्यावं लागत नाही.

पाचवी पायरी: नवा टीव्ही नको, बहुधा स्टिक पुरेल

टीव्ही जुना आहे म्हणून बदलू नका. त्याला एचडीएमआयचं एक मोकळं तोंड असलं की स्टिक किंवा छोटा बॉक्स जोडून तो 'स्मार्ट' होतो. उलट, स्मार्ट टीव्हीचा पडदा दहा वर्षं टिकतो आणि आतली अ‍ॅप चार-पाच वर्षांत अद्ययावत होणं थांबू शकतं. मग तोच टीव्ही कोणी टाकून देतं. त्याऐवजी बदलायची ती स्टिक.

स्टिक घेताना दोन गोष्टी पाहा. एक, वाइडवाइन एल१ हे चोरीच्या नकला रोखणारं प्रमाणन आहे का. अँड्रॉइडवर चालणाऱ्या ज्या उपकरणांना ते नाही, त्यांवर बरीच सशुल्क अ‍ॅप एचडी दाखवतच नाहीत, तुम्ही पैसे एचडीचे भरले असले तरी. दोन, तुमच्या वहीतली अ‍ॅप त्यावर अधिकृतपणे मिळतात का. दुकानदाराच्या 'सगळं चालतं' यावर थांबू नका, अ‍ॅपच्या मदत पानावर उपकरणांची यादी असते. फोर-केसाठी टीव्हीच्या त्याच तोंडाला एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारं संरक्षण लागतं. कधी कधी मागच्या चार तोंडांपैकी एकालाच ते असतं.

सहावी पायरी: आधी फुकट, मग पाळीपाळीने सशुल्क

वहीतली प्रत्येक नोंद घ्या आणि ती कुठे मोफत मिळते ते आधी शोधा. अनेक चॅनेल आपले कार्यक्रम स्वतःच्या अ‍ॅपवर किंवा यूट्यूबवर थोड्या उशिराने टाकतात. बऱ्याच वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट चालतात. सार्वजनिक प्रसारकांची अ‍ॅप असतात, जरी ती बहुधा त्या त्या देशापुरतीच चालतात. जाहिरातींवर चालणारी मोफत चॅनेल, म्हणजे फास्ट सेवा, काही देशांत चांगली रुजली आहेत: प्लुटो टीव्ही, ट्युबी ही त्यांतली ठळक नावं. 'मागे चालू' गटासाठी यांच्याइतकं योग्य काही नाही, कारण ती लावली की चालत राहतात. सार्वजनिक ग्रंथालयाचं सभासदत्व असेल तर तेही विचारा. कॅनोपी ही चित्रपटांची सेवा काही देशांतल्या ग्रंथालयांमार्फत वाचकांना मोफत मिळते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या इंटरनेट अर्काइव्हवर हक्कमुक्त झालेले जुने चित्रपट आहेत.

एवढं करून जे उरेल तेवढ्यासाठीच पैसे भरायचे, आणि एका वेळी एकाच सेवेला. माझा सर्वांत ठाम सल्ला हा आहे. मालिकेचे सगळे भाग येऊन संपू द्या, मग एक महिना ती सेवा घ्या, सगळं पाहा, बंद करा, पुढच्या महिन्यात दुसरी. बहुतेक सेवांत वर्गणी भरल्यावर लगेच रद्द केली तरी भरलेला महिना पूर्ण मिळतो, म्हणून भरताक्षणीच आपोआप नूतनीकरण बंद करून टाका. अटी मात्र त्या सेवेच्या पानावर वाचून घ्या. वर्षाची वर्गणी महिन्याच्या मानाने स्वस्त दिसते, पण वहीत ती सेवा बाराही महिने येणार असेल तरच ती स्वस्त आहे. जाहिरातींसह मिळणारी स्वस्त योजना केबलला सरावलेल्या घराला सहसा जड जात नाही, केबलवरही जाहिराती होत्याच. एकाच वेळी किती पडदे चालतील हेही योजनेनुसार बदलतं, आणि एका घराबाहेर पासवर्ड वाटण्यावर नेटफ्लिक्सने २०२३ पासून अनेक देशांत बंधनं आणली आहेत. त्या भरवशावर हिशेब मांडू नका.

सामने

खेळ हा या सगळ्यातला सर्वांत महागडा आणि अवघड भाग आहे. हक्क एका कंपनीकडून दुसरीकडे जातात, आणि एकाच खेळाच्या दोन स्पर्धा दोन ठिकाणी असतात. म्हणून 'खेळाचं चॅनेल' असं लिहू नका, वहीत स्पर्धेचं नाव लिहा. तिचे हक्क यंदा कोणाकडे आहेत ते पाहा आणि तेवढ्या हंगामापुरतीच सेवा घ्या. काही देशांत राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धा मोफत वाहिनीवर दाखवण्याचा कायदाच आहे, तिथे अँटेना पुन्हा उपयोगी पडतो.

इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण मागे असतं, हेही घरात सांगून ठेवा. चित्र साधारण सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि अडकू नये म्हणून दोन-तीन तुकडे आधी साठवले जातात. त्यामुळे अर्धा मिनिट उशीर सहज होतो. शेजारी आनंदाने ओरडतात आणि आपल्याकडे चेंडू अजून हातातच असतो. ज्याला हे सहन होत नाही त्याच्यासाठी अँटेना किंवा छत्रीच योग्य, तिथे उशीर बराच कमी.

'सगळी चॅनेल, आयुष्यभर, एकदाच पैसे'

हे वाक्य जिथे दिसेल तिथून परत फिरा. असे बॉक्स चोरीचं प्रक्षेपण दाखवतात आणि कधीही बंद पडतात, पण त्याहून गंभीर बाब वेगळी आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉक्टर वेब या सुरक्षा कंपनीने 'व्हॉइड' नावाचा घातक प्रोग्राम जाहीर केला. तो १९७ देशांतल्या सुमारे १३ लाख अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये शिरलेला होता. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनेही 'बॅडबॉक्स २.०' बद्दल असाच इशारा दिला. काही उपकरणांत तर हा प्रोग्राम विकत घेण्याआधीच बसवलेला असतो. तो बॉक्स तुमच्या वाय-फायवर, तुम्ही बँकेचे व्यवहार करता त्या फोनशेजारी चालू असतो. बॉक्स बसवताना कोणी प्ले प्रोटेक्ट ही अँड्रॉइडची सुरक्षा तपासणी बंद करायला सांगत असेल, तर तो तिथेच परत करा.

घरचा साठा

जुने समारंभाचे व्हिडिओ, विकत घेतलेल्या डीव्हीडी, मुलांची गाणी पेनड्राइव्हवर घालून बहुतेक टीव्हींवर लावता येतात. मोठी फाइल कॉपी होत नसेल तर पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल, त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आतलं सगळं आधी दुसरीकडे ठेवून तो एक्सफॅटवर फॉरमॅट करा, मात्र टीव्ही ती पद्धत वाचतो का ते पाहून. साठा मोठा असेल तर पडून असलेल्या संगणकावर जेलीफिन हे मोफत सॉफ्टवेअर बसवा, म्हणजे तो घरातल्या सगळ्या पडद्यांवर दिसतो.

सातवी पायरी: एक रिमोट, एक कागद

आईकडे परत येतो. तिच्यासाठी जे केलं ते आता मी सगळ्यांना सांगतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा. कंपन्या त्याला वेगवेगळी नावं देतात: सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. ते चालू झालं की स्टिकच्या रिमोटनेच टीव्ही सुरू होतो आणि योग्य तोंडावर जातो. दुसरे रिमोट खणात ठेवून द्या. पहिल्या पानावर तिची दोन अ‍ॅप सर्वांत आधी ओढून ठेवा, बाकीची काढून टाका. तिचं वेगळं प्रोफाइल करा, म्हणजे 'पुढे पाहा' या रांगेत तिचीच मालिका दिसेल, नातवंडांची कार्टून नाहीत. बोलून शोधायचं बटण असेल तर त्यात तिची भाषा निवडा आणि तिच्याकडूनच दोनदा बोलवून घ्या. खरेदीला पिन लावा, चुकून दाबलेल्या बटणाने पैसे जाऊ नयेत.

शेवटी मोठ्या अक्षरांत एक कागद: चार ओळी, चार बटणं, अडलं तर घराचं चिन्ह असलेलं बटण दाबायचं. तो कागद टीव्हीच्या बाजूला चिकटवा. आणि मग शेजारी न बसता, दुसऱ्या खोलीतून ऐका. तिने एकटीने तीन संध्याकाळी मालिका लावली की पर्याय तयार झाला असं समजा. अँटेना असेल तर हे आणखी सोपं होतं, तिथे पूर्वीसारखे चॅनेलचे आकडेच असतात.

आठवी पायरी: एक महिना दोन्ही, मग केबल

सगळं बसल्यावरही केबल महिनाभर चालू ठेवा, पण तिचा बॉक्स टीव्हीपासून सोडवून बाजूला ठेवा. या महिन्यात किती वेळा तो परत जोडावा लागला आणि कशासाठी, ते वहीत लिहा. एकदाही नाही, तर बंद करा. एकाच स्पर्धेसाठी तीनदा जोडला, तर त्या स्पर्धेचा मार्ग आधी शोधा. केबल पूर्ण सोडणं जमत नसेल तर सर्वांत लहान पॅकवर या, तीही बचतच आहे.

बंद करताना बिलाच्या चक्राची तारीख बघा आणि तिच्या चार-पाच दिवस आधी अर्ज द्या, पूर्वसूचनेची मुदत जास्त असेल तर त्याहून आधी. अर्ज लेखी द्या किंवा तक्रार क्रमांक घ्या. कंपनी थांबवण्यासाठी सवलत देऊ करेल. ती किती महिन्यांची आणि त्यानंतरचा दर काय, हे दोन आकडे विचारून ते आपल्या ६५ शी ताडून पाहा. बॉक्स, रिमोट आणि अ‍ॅडॉप्टर परत करताना बॉक्सच्या मागचा क्रमांक दिसेल असा फोटो काढा आणि पोच घ्या. एका नातेवाइकांना बॉक्स परत करूनही सहा महिने त्याचं भाडं लागत राहिलं होतं, पोच होती म्हणून पैसे परत मिळाले. अनामत रक्कम भरली असेल तर तीही त्याच वेळी मागा, आणि खात्यातून आपोआप पैसे जाण्याची परवानगी शेवटचं बिल भरल्यावर रद्द करा.

भिंतीतून आलेली केबलची जुनी वायर मात्र उपटून टाकू नका. ती ७५ ओहमची आणि तुमच्या मालकीची असेल, तर केबलच्या जाळ्यापासून पूर्ण सोडवून तिचं बाहेरचं टोक गच्चीवरच्या अँटेनाला जोडता येतं, आणि भिंतीत नव्याने भोक पाडायची गरज राहत नाही.